दोन्ही घरचा पाहुणा

(डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, १९९० च्या दहावीच्या तुकडीतील एका माजी विद्यार्थिनीने ‘सामाजिक उद्योग वाढत का नाहीत?’ या विषयावर केलेले भाषण. – संपादक मंडळ)



आठवीत असताना याच मंचावर मी लोकमान्य टिळकांवर भाषण करायला उभी राहिले होते. शेंगांच्या टरफलांपर्यंत आले आणि पुढचं सगळं विसरले. मराठीच्या बाईंनी हाताला धरून मला खाली नेलं होतं. त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, काळजी करू नका, आज कागद आणलाय.

आत्ता सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘समाजसेविका’ अशी करून दिली. वर्गमित्र आहे, त्यामुळे रागावत नाही. पण माझं भाषण मी त्याच शब्दापासून सुरू करते. मी समाजसेविका नाही. मी भाकरी विकते. ज्वारीची कडक भाकरी आणि तिच्या जोडीला शेंगाचटणी. आमच्याकडे आज ४८ बायका काम करतात. त्यांना थापलेल्या भाकरीप्रमाणे मजुरी मिळते आणि वर्षाअखेर नफा उरला तर त्यातला वाटा मिळतो, कारण कंपनी त्यांचीच आहे. मी त्यातली एक भागधारक, एवढंच.

सामाजिक उद्योग म्हणतात तो हाच. धंदा आहे, पण तो कुणाला श्रीमंत करायला काढलेला नाही. आणि सामाजिक काम आहे, पण ते देणगीवर चालत नाही, विक्रीवर चालतं. ऐकायला फार छान वाटतं. वर्तमानपत्रात फोटो येतो. पण मग असे उद्योग दहा-पंधरा वर्षं झाली तरी आहेत तेवढेच का राहतात, हा प्रश्न मला मेळाव्याच्या समितीनं घातलाय. प्रश्न माझ्या वर्मावरच आहे, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आपल्याकडे म्हण आहे, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. या घरच्यांना वाटतं तो त्या घरी जेवला असेल, त्या घरच्यांना वाटतं या घरी. आमचं अगदी तसंच आहे. मला जे सांगायचंय ते या एका म्हणीत आलं. बाकीचं भाषण म्हणजे तिचा पुरावा.

२०११ साली आम्ही अकराजणींनी बचत गटातून सुरुवात केली. आपल्या भागातली मालदांडी ज्वारी तुम्हाला माहीत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. भाकरी थापणं इथल्या प्रत्येक बाईच्या हातात आहे, त्याचं कुणी प्रशिक्षण द्यावं लागत नाही. पातळ थापायची, भाजायची, वाळवायची, आणि मोडली की कटकन आवाज आला पाहिजे. सोलापूरच्या बसस्टँडवर, मग पुण्याच्या दुकानांत माल जायला लागला. तीन वर्षांत आम्ही उत्पादक कंपनी म्हणून नोंदणी केली. कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन ही सोय झाली, की शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी मिळून आपली कंपनी काढावी. आम्हाला वाटलं, आता गाडी रुळावर आली. तिथूनच खरे खाचखळगे सुरू झाले.

पहिला खळगा ज्वारीचाच. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार समितीत येते. तेव्हाच वर्षाची खरेदी केली तर भाव परवडतो आणि माल एकसारखा मिळतो. श्रावणात घ्यायला गेलं तर भाव चढलेला, आणि त्यात कुठली ज्वारी मिसळलेली असेल ते सांगता येत नाही. आमच्या बायका पिठाला हात लावल्याबरोबर सांगतात, ‘ताई, विरी गेलीय याची.’ मग भाकरीला चिरा पडतात. म्हणजे मार्च महिन्यात आम्हाला एकदम सहा-सात लाख रुपये लागतात आणि ते भाकरीच्या रूपानं हळूहळू वर्षभर परत येतात. याला खेळतं भांडवल म्हणतात. तुमच्यापैकी जे व्यापारात आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

मी बँकेत गेले. साहेबांनी चहा मागवला, कौतुक केलं आणि विचारलं, ‘तारण काय?’ तेव्हा आम्ही ३८ जणी होतो. त्यांतल्या तिघींचंच नाव सातबाऱ्यावर होतं. बाकीच्या जन्मभर शेतात राबलेल्या, पण कागदावर शेताशी त्यांचा संबंध नाही. विनातारण कर्जाला सरकारची पतहमी २००० सालापासून आहे, हे मी वाचून गेले होते. साहेब म्हणाले, ‘योजना आहे हो ताई, पण तुमचं काम सामाजिक. तुम्ही एखाद्या फाउंडेशनकडं का जात नाही?’

मग मी फाउंडेशनकडं गेले. तिथंही चहा झाला. बायकांच्या हातांचे फोटो त्यांना फार आवडले. मग विचारलं, ‘तुमची संस्था आहे की कंपनी?’ मी म्हटलं, कंपनी. ‘म्हणजे नफा वाटता?’ म्हटलं, हो, ज्यांनी भाकऱ्या थापल्या त्यांनाच वाटतो. ते म्हणाले, ‘मग आम्हाला देता येत नाही. तुम्ही बँकेकडं का जात नाही?’

बघा, दोन्ही घरी चहा मिळाला. जेवण कुठंच नाही.

यात त्या माणसांचा दोष होता असं मी म्हणणार नाही. कायद्याची रचनाच तशी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. फार मोठी गोष्ट झाली. पण तो पैसा दुसऱ्या कुणाच्या हातून खर्च करायचा तर तो न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कलम ८ खालची कंपनी यांच्याकडं जातो. आमच्यासारखी उत्पादक कंपनी त्यात बसत नाही. बरं, कलम ८ खाली कंपनी काढली तर तिला सभासदांना लाभांश वाटता येत नाही. मग गुंतवणूक करणारा कशाला येईल? आणि भाकरी थापणाऱ्या बाईला तिच्या नफ्याचा वाटा कसा द्यायचा?

न्यास काढावा म्हटलं तर तिथं आणखी एक गंमत. ‘सार्वजनिक उपयोगिता’ या सदरात मोडणाऱ्या न्यासाची विक्रीतून येणारी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर गेली, की त्याची आयकराची सवलत धोक्यात येते. म्हणजे जो न्यास देणगी कमी करून स्वतःच्या कमाईवर उभा राहायला बघतो, त्यालाच भीती. स्वावलंबन २० टक्क्यांपर्यंतच करा, असा त्याचा अर्थ झाला. आपल्या वर्गात सर म्हणायचे, ‘उत्तर बरोबर आहे, पण रीत चुकली, शून्य मार्क.’ मला आयकराची ती तरतूद वाचताना सरच आठवले.

ब्रिटनमध्ये २००५ पासून अशा उद्योगांसाठी वेगळ्या प्रकारची कंपनी काढता येते. धंदा करा, पण मालमत्ता समाजाच्या कामासाठीच राहील अशी तिला कायद्याची बांधणी असते. आपल्याकडं २०१९ च्या अर्थसंकल्पात सामाजिक शेअर बाजाराची घोषणा झाली, २०२२ मध्ये सेबीनं नियम केले. चांगलं पाऊल आहे. पण तिथं नोंदणी करणाऱ्या संस्थेचा वर्षाचा खर्च किमान ५० लाखांचा हवा. तालुक्याच्या गावातला बचत गट त्या दारापर्यंत पोचायचा तर आधी त्याला कुणीतरी वाढवायला हवं, आणि वाढायला पैसा हवा. विहिरीपर्यंत पोचायलाच आधी तांब्याभर पाणी लागतं, तसं हे आहे.

मग ज्यांनी करून दाखवलं त्यांनी कसं केलं? दोन उदाहरणं सांगते. दोन्ही आपल्याच मातीतली आहेत.

१५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी उसनवारीचे ८० रुपये घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. आपण सगळ्यांनी खाल्लाय. पण मला त्यातला एक तपशील फार जवळचा वाटतो. पहिल्याच वर्षी पाऊस आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झाली सोय. त्यांना वाट दाखवणारे छगनबाप्पा पारेख यांनी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या. देणगी घ्यायची नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. सुरुवातीला त्या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला, एक स्वस्तातला. बाप्पांनी स्वस्तातला बंद करायला लावला. गरीब बायकांनी केलाय म्हणून लोक घेतील, या भरवशावर राहू नका, असाच त्याचा अर्थ मी घेते. आज ४० हजारांहून अधिक बायका तिथं सभासद आहेत. आणि वाढल्या कशा? एक मोठा कारखाना काढून नाही. पीठ केंद्रावर मळायचं, लाट्या घरी न्यायच्या, पापड आणून द्यायचे. ही एकच पद्धत गावोगावच्या शाखांनी उचलली.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं. चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली तिथं माणदेशी महिला बँक उभी केली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत केला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अर्जावर अंगठे होते. बायका घरी बसल्या नाहीत. साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. परवाना मिळाला. त्या बायकांना कुणाची दया नको होती. त्यांना परीक्षा हवी होती.

माझ्याकडं ही दोन्ही उदाहरणं होती, तरी मी शहाणी झाले नाही. आता जे सांगते ते मी आजवर कुठल्याही मंचावर सांगितलेलं नाही. पण शाळेत खोटं बोलायची सवय नाही, म्हणून इथं सांगते.

२०१८ साली एका मोठ्या कंपनीनं आम्हाला त्यांच्या वर्धापनदिनासाठी भेटीची ६,००० खोकी करायला सांगितली. एका खोक्याला १८० रुपये, म्हणजे १० लाख ८० हजारांचं काम. एवढं काम आमच्या बापजन्मी आलं नव्हतं. सोलापुरातून खोकी छापून घेतली, तीही उधारीवर. बायकांनी दोन-दोन पाळ्या केल्या. १० जुलैला माल पोचला. कंपनीतल्या साहेबांनी आमचा सत्कार केला, नारळ दिला, शाल दिली. त्या कार्यक्रमाची चित्रफीत हजारो लोकांनी बघितली.

पैसे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले. पाच महिन्यांनी.

दर आठवड्याला मी फोन करत होते. खरेदी विभाग म्हणायचा, लेखा विभागाकडं आहे. लेखा विभाग म्हणायचा, हे बिल सामाजिक खर्चात घालायचं की भेटवस्तूंच्या, ते ठरायचं आहे. तिथंही तीच म्हण! आम्ही दान आहोत की खरेदी, हे ठरेना म्हणून बिल टेबलावर पडून. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. हे मला माहीत होतं. मी तक्रार केली नाही. एवढा मोठा ग्राहक दुखावेल, पुढच्या वर्षी काम देणार नाही, ही भीती. आणि दुसरं, ज्यांनी शाल पांघरली त्यांच्यावर तक्रार कशी करायची, हा भिडस्तपणा. पुढच्या वर्षी त्यांनी काम दिलंच नाही. दुसऱ्या एका संस्थेला दिलं.

त्या काळात मी दोन महिने मजुरी देऊ शकले नाही. माझ्या पाटल्या मोडल्या, त्यातून निम्म्या बायकांचे निम्मे पैसे भागले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. ऑक्टोबरअखेर सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. गावात काम नाही. आणि घटस्थापनेच्या आधी ऊसतोडीचा मुकादम गावात येऊन बसलेला. तो काय करतो? तो उचल देतो. रोख, एका हातात, काम सुरू व्हायच्या आधी.

आमच्यातली एक, सगळ्यात जलद थापणारी, माझ्या घरी आली. म्हणाली, ‘ताई, तुम्ही चांगल्या आहात. पण दुकानदाराला चांगुलपणा देता येत नाही. मुकादमाचे पैसे घेतलेत मी.’ नवरा-बायकोचा कोयता ठरला. बरोबर तिची मुलगी गेली. ती मुलगी तेव्हा पाचवीत होती, आपल्याच शाळेत. मी थांबवू शकले नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार होते? ज्याला आपण शोषण करणारा म्हणतो, त्यानं पैसे आगाऊ दिले होते. आणि बायकांचं भलं करायला निघालेल्या मी त्यांची मजुरी थकवली होती.

ती बाई परत कामावर आली नाही. हंगाम संपल्यावर उचल फिटली नव्हती, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागलं. मुलीचं नाव शाळेच्या पटावरून गेलं. मी हिशेब केला, ती शिकत राहिली असती तर २०२४ च्या मार्चमध्ये दहावीला बसली असती. आज या मांडवात मागच्या रांगांत जी सगळ्यात धाकटी तुकडी दंगा करतेय ना, तिच्यात ती असती.

सामाजिक उद्योगांच्या वाढीतले अडथळे म्हटलं की अहवालांत भांडवल, बाजारपेठ, मनुष्यबळ असे शब्द येतात. ते बरोबर आहेत. पण माझ्यासाठी अडथळा म्हणजे ती पाचवीतली मुलगी. टेबलावर पडलेल्या एका बिलाची किंमत तिनं चुकती केली.

आता थोडं आमच्या स्वतःच्या चुकांबद्दल. नाहीतर तुम्ही म्हणाल, हिला जगातच दोष दिसतो.

सर्वांत मोठा अडथळा कोण, असं आमच्या बायकांना विचाराल तर त्या माझ्याकडं बोट दाखवतील. पहिली सहा वर्षं प्रत्येक धनादेशावर माझी सही, प्रत्येक घाण्याची चव मी बघायची, दुकानदाराशी मीच बोलायचं. २०१७ मध्ये माझं ऑपरेशन झालं आणि बारा दिवस काम ठप्प झालं. तेव्हा कळलं की मी उद्योग काढलाच नव्हता, स्वतःला एक नोकरी काढून दिली होती. बाहेरून शिकलेली मुलं येतात, गुणी असतात, पण वर्षभरात अनुभवाचं प्रमाणपत्र घेऊन पुण्या-मुंबईला जातात. त्यांना शहरातल्यासारखा पगार आम्ही देऊ शकत नाही. मग आम्ही घरातच शोधलं. आमच्यातली एकजण सातवीपर्यंत शिकलेली. आज सगळा साठा आणि मजुरीचा हिशेब ती मोबाइलवर ठेवते आणि माझी चूक काढते. हे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं.

दुसरी चूक यंत्राची. भाकरी थापायचं यंत्र बाजारात आलं तेव्हा आमच्यात मोठं भांडण झालं. यंत्र घेतलं तर माल तिप्पट, पण बायका घरी. नाही घेतलं तर बायका कामावर, पण वाढ नाही. दोन वर्षं आम्ही हो-नाही करत बसलो. शेवटी ज्यानं पाठ मोडते ते यंत्राला दिलं, म्हणजे पीठ मळणं आणि वाळवणं. थापणं हाताकडं ठेवलं. लिज्जतच्या खाटेखालच्या स्टोव्हसारखंच, आमचं वाळवणयंत्र आल्यावर पावसाळ्यातले बंद दिवस संपले. त्यावर्षीच दहा नव्या बायका घेता आल्या.

आणि तिसरी गोष्ट सांगते ती आपल्या गणिताच्या सरांची. सर आता आपल्यात नाहीत. २०१५ च्या पावसाळ्यात त्यांनी आमच्या भाकरीची दहा पाकिटं मागवली होती. आठ दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मी ते जपून ठेवलंय. लिहिलं होतं: ‘भाकरी नरम. चटणीत मीठ जास्त. पाकिटावर लिहिलेल्या वजनापेक्षा १२ ग्रॅम कमी. पैसे पूर्ण पाठवले आहेत. सुधारणा झाल्यावर पुन्हा दहा पाकिटे पाठवावीत.’

मला रडू आलं. राग आला. मग वजनकाटा तपासून घेतला, तर काटा खरंच चुकत होता. किती महिने चुकत होता देव जाणे! त्या काळात शेकडो लोकांनी आमची पाकिटं घेतली होती. सगळ्यांनी ‘छान उपक्रम’ म्हटलं होतं. भाकरी नरम आहे हे कुणीच सांगितलं नाही. गरीब बायकांचं काम आहे, कशाला नावं ठेवायची, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी मनातल्या मनात आम्हाला माफ केलं आणि पुन्हा माल घेतला नाही. सरांनी माफ केलं नाही, आणि पुन्हा दहा पाकिटं मागवली.

तेव्हापासून मी हे शिकले, की पहिला माल दयेपोटी विकला जाऊ शकतो, दुसरा चवीवरच विकला जातो. धंदा वाढतो तो दुसऱ्या खेपेवर. कौतुक करणारा ग्राहक एकदाच येतो. तक्रार करणारा पुन्हा यायच्या विचारात असतो.

आज या मांडवात कोण कोण बसलंय ते मी सकाळपासून बघतेय. बँकेत अधिकारी आहेत. मोठ्या कंपन्यांत खरेदी आणि लेखा विभाग सांभाळणारे आहेत. दोन सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत, जिल्हा परिषदेत आहेत, परदेशातून खास आलेले आहेत. मघापासून तुमच्यापैकी चौघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुमच्या संस्थेला काही देणगी हवी का?’ मनापासून विचारलंत, मी आभारी आहे. पण देणगी नको. मागायचंच तर चार गोष्टी मागते.

जे बँकेत आहेत त्यांनी आमच्यासारख्या गटाची फाइल समोर आली की तारणाआधी विक्रीची वही बघावी. पाच वर्षांची वही खोटं बोलत नाही.

जे कंपन्यांत आहेत त्यांनी आमचं बिल ४५ दिवसांत काढावं. आता तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायदाच सांगतो, की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळणार नाही. म्हणजे आता यात तुमच्या कंपनीचाही फायदा आहे. शाल नको, नारळ नको, तारीख पाळा.

जे लेखापाल आणि वकील आहेत त्यांनी वर्षातले दोन दिवस एखाद्या बचत गटाला द्यावेत. संस्था काढावी, सहकारी सोसायटी काढावी की कंपनी, हा निर्णय सुरुवातीलाच चुकला तर दहा वर्षं निस्तरावं लागतं. आम्हाला तेव्हा कुणी विचारायला नव्हतं.

आणि बाकी सर्वांनी आपल्या गणिताच्या सरांसारखं ग्राहक व्हावं. पूर्ण पैसे द्यावेत, चूक दाखवावी आणि पुन्हा मागवावं.

त्या २०१८ नंतर आम्ही एक नियम केला. मोठं काम घेताना निम्मे पैसे आगाऊ, आणि विक्रीतला ठरावीक हिस्सा मजुरीच्या वेगळ्या खात्यात. त्या खात्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. या नियमामुळे दोन मोठी कामं आम्ही सोडली. वाढ थोडी मंदावली. पण गेल्या सहा वर्षांत एकदाही मजुरी थकली नाही, करोनाच्या टाळेबंदीतसुद्धा नाही. घटस्थापनेच्या आधी आजही मुकादम गावात येतो. आमच्यातली कुणी त्याच्याकडं गेलेली नाही. कुणी मला विचारलं, तुमचा उद्योग किती वाढला, तर मी उलाढाल सांगत नाही, हे सांगते.

बाहेर मांडवाच्या डाव्या हाताला आमच्या भाकरीचं टेबल आहे. फुकट काहीही ठेवलेलं नाही. बाई, तुम्हालासुद्धा नाही. विकत घ्या, मोडून बघा, कटकन आवाज येतो का ऐका. नाही आला तर कौतुक करू नका, पाकिटावर फोन नंबर आहे, त्यावर मला झापा.

शेंगांची टरफलं ओलांडून मी आज भाषण पूर्ण केलं, याची बाईंनी नोंद घ्यावी.